गुरुवारचा हिरवा चौकोन

सकाळचे सात वाजून चार मिनिटं. चाकणमध्ये गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत धम्मपाल प्रेसमशीनसमोर उभा राहून तपासणीचा तक्ता भरतो आहे. तेलाची पातळी, ओके. दोन्ही हातांची बटणं, ओके. सुरक्षा जाळी, ओके. आज सोमवार आहे, पण त्याचं पेन शनिवारच्या रकान्यापर्यंत जाऊनच थांबतं. डाव्या गालात मावा आहे: सुपारी, तंबाखू आणि चुना.

धम्मपाल बेचाळीस वर्षांचा, राहायला चिखलीत. फेब्रुवारीत डॉक्टरांनी पट्टी लावून त्याचं तोंड मोजलं. एकतीस मिलिमीटर उघडत होतं. मावा सुटला नाही तर ते मिटत जाईल, असं त्यांनी सांगितलं. पुढचं, कॅन्सरचंही सांगितलं. धम्मपालने घरी फ्रिजवर तक्ता चिकटवला, कंपनीच्या सेफ्टी बोर्डासारखा. दिवसाला एक चौकोन; खाल्ला नाही तर हिरवा, खाल्ला तर लाल. खाली त्याची सही, साक्षीदार म्हणून बायको आम्रपालीची.

पहिले नऊ दिवस खरोखर हिरवे होते. दहाव्या दिवशी बसमध्ये शेजारी बसणाऱ्या ज्ञानदेवने पुडी पुढे केली.

"घे भावा. घरी काय ऑडिट येणारे का?"

लाल पेनाचं टोपण धम्मपालने कधी उघडलंच नाही. पुढे दर सोमवारी तो अख्खा आठवडा हिरवा करू लागला.

एका मंगळवारी आम्रपाली फ्रिजमधलं दूध घ्यायला गेली आणि तक्त्यापाशीच थांबली.

"अहो, गुरुवार हिरवा कसा? उजाडायचाय अजून."

"सवय गं. कंपनीत असंच भरतात."

"मग तोंडही कंपनीलाच दाखवा."

हिरवं पेन तिने पर्समध्ये टाकलं. तीही वायरिंगच्या कारखान्यात जाते. संध्याकाळी आल्यावर ती विचारते, "आज?" तो मान हलवतो, ती चौकोन रंगवते. तोंड उघडून दाखवा, असं ती म्हणत नाही. काय दिसेल, हे तिला माहीत आहे.

परवाच्या शनिवारी तो तक्ता घडी घालून दवाखान्यात घेऊन गेला. अठ्ठ्याऐंशी हिरवे, लाल एकही नाही. डॉक्टर "छान" म्हणाले आणि त्यांनी पट्टी लावली. तेवीस.

"परत एकदा बघता का, सर?"

परत तेवीस.

घरी येऊन तो जेवायला बसला. चपातीची चतकोर दोनदा दुमडली, तेव्हा तोंडात गेली. आम्रपाली पाहत होती.

"सोडायचाय हो मला," तो आज मशीनपाशी शेजारच्या कामगाराला म्हणतो. "पण आठ तास हात गुंतलेले. तोंड तेवढं मोकळं."

उद्या मंगळवार, पहिली पाळी. कंपनीची बस चिखलीच्या थांब्यावर सहा दहाला येते. थांब्याशेजारची पानटपरी पावणेसहाला उघडते.