मॅट बंपरवरची चमक

"कमलेश, चाबी दे आणि घरी जा. तेरी छुट्टी." वानखेडे साहेबांनी वर्कशॉपच्या मधोमध उभं राहून सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या गाडीच्या बंपरसमोर उकिडवी बसले होते.

दसरा कालच झाला होता. भोपाळमध्ये एम. पी. नगरजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी पेंट विभाग सांभाळते. वानखेडे साहेब आमचे जुने ग्राहक. घराणं मूळ नागपूरचं, कारखाना मंडीदीपला. गाडी नवी होती. मॅट ग्रे, म्हणजे अजिबात न चकाकणारा राखाडी रंग. पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर पांढरे ओरखडे होते. नंबर प्लेटच्या बाजूला थाळीएवढा भाग आरशासारखा चमकत होता.

"गेटच्या खांबाला घासली यानं," साहेब मला म्हणाले. "बरं, घासली तर घासली. लपवायला वरून पॉलिश मारलं. सत्यानाश केला बंपरचा. लबाड माणूस मला गाडीवर नको."

कमलेश त्यांचा ड्रायव्हर. चाळिशीचा, सिहोरकडचा. त्यानं चाबी दिली नाही. मुठीत धरून उभा राहिला.

"साहब, खंभे से लगी थी, उसी शाम आपको बताया था. पॉलिश मैंने नहीं किया."

"तो क्या गाड़ी ने खुद कर लिया? आंघोळीला गेली होती काय गाडी?"

आजूबाजूचे मेकॅनिक हसले. कमलेश हसला नाही. एकदा 'लबाड' म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला या शहरात दुसरी गाडी मिळत नाही. मालक एकमेकांना फोन करून विचारतात.

आमचे मॅनेजर सक्सेना सर मला बाजूला घेऊन गेले. "देखो, झंझट मत करो. बोल दो ड्राइवर ने घिसा है. नया बंपर लगा देंगे, वो भी खुश, हम भी खुश."

"और ड्राइवर?"

"वो हमारा कस्टमर है क्या?"

"सर, जो दिखेगा वही बोलूँगी."

"आप पेंटर हो कि वकील?"

मी गाडीकडे वळले. ट्रॉलीवरून पुसायची फडकी आणि बाटल्या उचलल्या.

इथं मॅट फिनिश म्हणजे काय ते सांगायला हवं. साधा रंग वरून काचेसारखा सपाट असतो, म्हणून चकाकतो. मॅट रंगाचा वरचा थर मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक खरखरीत. त्यावर पडलेला उजेड विखुरतो, आणि रंग शांत दिसतो. पॉलिश म्हणजे घासून सपाट करणं. साध्या रंगावर ते औषध आहे, मॅटवर विष. वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेल्या बाबूची पँट मागून कशी चमकते? तसंच हे. ती चमक धुऊन जात नाही.

आधी बंपर धुतला. मग मऊ कपड्यावर अल्कोहोलचं पातळ मिश्रण घेऊन कोपऱ्यावरचे पांढरे ओरखडे हलक्या हातानं पुसले. जोर लावायचा नाही, गोल फिरवायचं नाही. चार-पाच वेळा पुसल्यावर पांढरं कपड्यावर आलं. तो गेटच्या खांबाचा रंग होता, बंपरवर नुसता चिकटलेला. खाली दोन बारीक चरे उरले. गुडघ्यावर बसलं तरच दिसावेत असे.

"साहेब, हे बघा. कमलेशनं केलेलं नुकसान इतकंच."

"आणि ती चमक?"

"ती ओरखड्यांपासून वीतभर लांब आहे. लपवायचं असतं तर माणसानं ओरखड्यावर घासलं असतं ना? ओरखडे तर जसेच्या तसे होते."

साहेब खाली वाकले. पाहिलं. पण हार मानणारा माणूस नव्हे. "मग तिथं दुसरं काही लागलं असेल. तेही लपवलं."

"बघू या," मी म्हटलं.

नवा पांढरा कपडा घेतला आणि चमकणाऱ्या भागावर ठेवला. अल्कोहोलनं पॉलिशचा तेलकट थर सुटायला लागला. कपडा उचलला तर त्यावर गुलाबी डाग होता. दुसरा कपडा घेतला. पुन्हा गुलाबी.

"ये क्या है?" सक्सेना सरांनी विचारलं.

मला ते लगेच ओळखता आलं. दसऱ्याला आमच्या घरीही गाडीची पूजा होते. गाडीला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, आणि पुढे ओल्या कुंकवाचं स्वस्तिक. साध्या रंगावरचं कुंकू ओल्या फडक्यानं निघतं. मॅटच्या खरखरीत थरात ते मुरतं. पुसलं की निघण्याऐवजी पसरतं.

"साहेब, काल पूजेत बंपरवर स्वस्तिक काढलं होतं?"

"हो. हिनं काढलं. दरवर्षी काढते."

"मग ते पुसलं कुणी? पॉलिशखाली कुंकू आहे. म्हणजे आधी पूजा, मग पॉलिश."

"साहब, मैं तो दशहरे पे गाँव में था," कमलेश हळूच म्हणाला. "आज सुबह ही आया."

साहेबांनी कपडा माझ्या हातातून घेतला. उजेडाकडे धरून पाहिला.

"काल रात्री स्वस्तिक मीच पुसायला गेलो, तर लाल फराटा पडला," ते म्हणाले. "आज कारखान्यात पाहुणे यायचे होते. म्हटलं, बरं दिसत नाही. घरी जुन्या गाडीचं पॉलिश पडलं होतं. चांगल्या कंपनीचं आहे हो ते."

"पॉलिश चांगलंच आहे, साहेब. गाडी त्याची नाही."

"अंधारात मारलं. सकाळी चमक दिसली, ओरखडेही दिसले. मी तर हलकंच मारलं होतं, त्यानं एवढं होईल असं मनात आलं नाही. मला वाटलं सगळं यानंच..." वाक्य अर्धंच राहिलं. मग नेहमीच्या आवाजात, "चल कमलेश, गाडी आत लाव. चाय पीते हैं."

सगळे सुटकेचा निःश्वास टाकून कामाला वळणार, तेवढ्यात मी बोलले. सक्सेना सर डोळ्यांनी नको नको म्हणत होते.

"साहेब, लबाड सगळ्यांसमोर म्हणालात. चहाला एकट्याला नेऊन ते पुसलं जाणार नाही."

ते माझ्याकडे रागानं पाहायला लागले. माझ्यापेक्षा वयानं दुप्पट माणूस. मीही नजर खाली केली नाही. आमचं बोलणं नाही आवडलं तर ग्राहकाला दुसरं वर्कशॉप आहे. कमलेशला दुसरं नाव नाही.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सुनो भाई," ते मेकॅनिकांकडे वळून म्हणाले. "पॉलिश मैंने किया था. कमलेश ने नहीं. मैंने ग़लत बोला."

कमलेशनं मान हलवली. चाबी तशीच मुठीत होती. ती फिरवून त्यानं गाडी आत लावली.

पुढचं काम सरळ होतं. चमकलेला थर परत खरखरीत करता येत नाही. तेवढ्याच तुकड्यावर मॅट मारलं तर त्याची कड आयुष्यभर दिसते. म्हणून बंपर उतरवला, संपूर्ण घासला आणि संपूर्ण रंगवला. नवा बंपर लागला नाही. याबद्दल सक्सेना सर अजून कुरकुरतात. मॅटच्या शेवटच्या थरावर धुळीचा कण बसला तर घासून काढता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून. त्यात थर जाड बसला तर चमक वाढते, पातळ बसला तर पांढुरका दिसतो. आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून तो उन्हात बॉनेटशेजारी धरला. पहिला तुकडा फिका आला. हवेचा दाब बदलला. दुसरा जुळला. मग बंपर मारला, एकाच खेपेत. कण बसला नाही. कोपऱ्यावरचे दोन चरेही गेले.

गाडी न्यायला कमलेश आला. बंपरवरून हात फिरवणार होता, मी ओरडले. त्यानं हात मागे घेतला आणि पहिल्यांदा हसला.

मॅट गाडीवाल्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पॉलिशची बाटली शेजाऱ्याला देऊन टाका. पूजा जरूर करा, पण कुंकू काचेवर लावा. आणि ड्रायव्हरला बोल लावण्याआधी एक पांढरा कपडा घेऊन पुसून बघा.