शेवटच्या फळीचं भोक

माझी शाळा तिसरीत संपली. भाषेत खोट काढायची असेल तर काढा, पण जे पाहिलं तेच लिहितो.

सत्तर-ऐंशीच्या मधली गोष्ट. निजामपुऱ्यात माझं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे दोन बाकडी आणि एक भट्टी. चहूकडे कापड विणणाऱ्या लूमचा असा खडखडाट, की गिऱ्हाईक बोटं दाखवून चहा मागायचं. त्या खडखडाटात जी मजा होती, ती पुढे कधी आली नाही. दाराला शटर नव्हतं. लाकडी फळ्या होत्या, आतून खाचेत एकेक सरकवायच्या. नियम माझा होता: शेवटचा चहा जो पिईल, त्यानं फळ्या लावायच्या. मग तो लूमचा मालक का असेना.

दिघाशी गावचा माझा दोस्त लूम चालवायचा. तो मुद्दाम शेवटपर्यंत बसायचा.

"फळ्या लावाया मी हाय, पन आज चायचं पैसं न्हाय."

"मग फळीच चाव," मी म्हणायचो. तो हसत हसत पैसे ठेवायचा.

एका वर्षी लूम चालवणाऱ्यांचा संप झाला. भरदुपारी पोलिसांनी मोर्चा अडवला, दगड आले. आम्ही दार लावून घेतलं. शेवटची फळी बसवून तो तिला खांदा लावून उभा होता, तेवढ्यात फळीतून गोळी आली. माझ्या पायाशी पडला.

पोलिसांनी लिहिलं, हा जमावात होता, दगड मारत होता.

त्याची आई दिघाशीहून आली. म्हणाली, "माजा पोर धोंडं मारीत नव्हता, येवढं सायबाच्या तोंडून वदवून दे. आन् कुनी मारला त्ये सांगाया लाव."

दोन दिवसांनी माझ्याकडे रोज चहा पिणारा हवालदार सुताराला घेऊन हजर. "शेठ, फळी खराब झाली. नवी बसवून देतो, फुकट."

"फळी माझी, दुकान माझं. भोक तेवढं तुमचं. तेवढं घेऊन जा."

तो हसला. मग लायसनचं बोलायला लागला. मी फळी काढून घरी नेली, तिच्यावर अंथरूण घातलं आणि त्यावर झोपायला लागलो. हॉटेलच्या दाराला तिच्या जागी गोणपाट टांगलं.

चौकशीचे साहेब आले, तेव्हा फळी पुन्हा खाचेत बसवली. बाहेरून भोक बारीक, आतून लाकूड फुटलेलं. साहेब आत येऊन उभे राहिले.

"दार बंद होतं?"

"बंद होतं."

"आणि तो?"

"तुम्ही उभे आहात तिथं."

साहेब एक पाऊल मागे सरकले.

चौकशीत लिहून आलं, की मयत बंद दुकानात होता, त्यानं दगड मारला नाही. गोळी कुणाच्या बंदुकीतली, ते मात्र ठरलं नाही. खटला कुणावरच झाला नाही. मी ते दुसऱ्याकडून वाचून घेऊन त्याच्या आईला सांगितलं. तिनं फळीवरून हात फिरवला. "एक झालं. दुसरं?"

मी चहा पुढे केला.

आता तिथं शटर आहे, मोबाइल विकतात. फळी माझ्या खाटेमागे उभी आहे. नातू म्हणतो, "आजोबा, भंगारात देऊ का?"

मी म्हणतो, "ज्याचं भोक आहे तो न्यायला येऊ दे. त्याच्याच हातात देईन."