स्मोकीशी बोलणाऱ्या सासूबाई

माझ्या सासूबाई, अल्मा व्हाइट क्रेन, आमच्या लेम डीअर गावातल्या घरात बावीस वर्षं राहिल्या. तेवढ्या काळात आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. भांडण नव्हतं. आम्हां शायेन जमातीच्या लोकांत जावई सासूशी बोलत नाही, तिच्याकडे पाहतही नाही. तोच तिचा मान.

मला काही सुनावायचं असलं की त्या कुत्र्याला सांगत. "ऐकलंस का रे स्मोकी, जळण बाहेर भिजतंय. घरात पुरुषमाणूस असता तर आत आलं असतं." मी मुकाट्याने लाकडं आत आणी. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली; जळणाला हात लावला की अजून तो आवाज कानी येतो.

हिवाळ्यात संध्याकाळी शेजारची मुलं जमत आणि सासूबाई आपल्या आजीची गोष्ट सांगत. अठराशे अठ्ठ्याहत्तर साली, सरकारने दूर दक्षिणेत नेऊन ठेवलेले आमचे लोक लिटल वूल्फ आणि मॉर्निंग स्टार या सरदारांमागे घराकडे निघाले. आजी तेव्हा सहा वर्षांची. मी स्वयंपाकघरात पडद्याआड बसून ऐके. कचेरीतल्या फायलींसारखी ती गोष्ट माझ्या डोक्यात क्रमाने लागली होती.

सासूबाईंचा नियम कडक होता. ऐकलं तेवढंच सांगायचं, कोणाकडून ऐकलं ते शेवटी सांगायचं, आणि गोष्ट मध्येच तुटली तर पुन्हा कधी ती सांगायची नाही.

शेवटच्या हिवाळ्यात ती तुटायला आली.

"प्लॅट नदी ओलांडली," त्या म्हणाल्या. "ओलांडली... मग..."

"मग काय, आजी?" एका मुलीने विचारलं.

त्यांना पुढचं आठवेना. माझी बायको वर्ना दवाखान्यात कामावर होती, नाहीतर मी तिच्या कानात सांगितलं असतं. बोललो तर बावीस वर्षांचा मान गेला. गप्प राहिलो तर गोष्ट गेली.

स्मोकी माझ्या पायाशी होता. मान खाली घालून मी म्हणालो, "ऐक रे स्मोकी, नदीपलीकडे लोकांची ताटातूट झाली. लिटल वूल्फची माणसं उत्तरेला निघाली, मॉर्निंग स्टारची दुसरीकडे. आजी लिटल वूल्फकडे राहिली, तिची मावशी तिकडे गेली."



"जाताना मावशीने आपलं पांघरूण आजीला दिलं," सासूबाई म्हणाल्या, आणि गोष्ट न अडखळता थेट टंग नदीपर्यंत, घरापर्यंत पोचली.

"हे मी माझ्या आजीकडून ऐकलं," त्यांनी शेवटी सांगितलं. मग जरा थांबून, "आणि थोडं कुत्र्याकडून. गुणाचा आहे हो. जळण तेवढं वेळेवर आणायला शिकला म्हणजे झालं."