चाचांची दाढ दुखत होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि कॉलेजातल्या ज्या मैत्रिणीबरोबर रोज डबा खाते तिला तर मुळीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता नाही सांगितलं तर पुढे धीरच होणार नाही — म्हणूनही असेल.

आधी हे सांगून टाकते की माझं बरं चाललंय. खरंच बरं. मी मेहकरला राहते आणि लोणारच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला मराठी शिकवते. फळ्याकडे वळले की मागच्या बाकावरून कुणीतरी शीळ घालतं. कोण ते मला ठाऊक असतं, पण मी रागवत नाही. बातमीलेखनाचा धडा आला की मात्र वर्ग आपोआप गप्प होतो, कारण मॅडम पूर्वी पत्रकार होत्या हे सगळ्यांना माहीत आहे. मग मी जरा भाव खाते. आवडतं मला ते.

पत्रकार म्हणजे — एका वेब पोर्टलची जिल्ह्यातली बातमीदार. तोंडाला ओढणी बांधायची, स्कूटी काढायची आणि दुपारच्या आत तीन बातम्या टाकायच्या. फोटो मीच काढायचा, मथळा मीच द्यायचा, चुकलं तर दुरुस्तीही मीच करायची. कुठली बातमी किती जण वाचतायत ते समोर दिसायचं. तो आकडा वर जाताना बघायची चटक लागते हो. मला लागली होती.

त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं कपाशीची वाट लावली. बीटीचं बियाणं, अळी येणारच नाही अशा खात्रीनं घेतलेलं — आणि बोंड फोडलं की आत अळी. लोकांनी उभ्या पिकात जनावरं सोडली. मी रोज तेच लिहीत होते.

मग कुणीतरी सुलतानपूरच्या चाचांचं नाव सांगितलं. साठीतले मुसलमान शेतकरी, अख्खं गाव त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही म्हणते. त्यांचं शेत वाचलं होतं. सगळं नाही, पण इतरांच्या मानानं पुष्कळ. ते का वाचलं हे त्यांनी मला बांधावर बसून अर्धा तास समजावलं. फुलं लागली की रोज सकाळी ओळीनं फिरायचं. जी फुलं उमलत नाहीत, मिटूनच राहतात — त्यांना डोमकळ्या म्हणतात — ती तोडून गाडायची, कारण अळी आतच असते. अळीचे पतंग पकडायला सापळे लावायचे. आणि कापसाचा आणखी एक वेचा मिळेल या लोभानं पीक उभं ठेवायचं नाही. डिसेंबरात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून मोकळं व्हायचं, नाहीतर अळी पुढच्या वर्षापर्यंत टिकते. बोलता बोलता ते थांबत आणि गाल दाबत. दाढ सुजली होती.

"हे सारं लिव्हा बेटी," ते म्हणाले. "लोकायच्या कामी यीन."

निघताना मी सहज मोबाइल काढला. ते वेचलेल्या कापसाच्या ढिगाजवळ बसले होते आणि तेवढ्यात कळ आली असावी. डोळे मिटलेले, हात गालावर, चेहरा असा की बघणाऱ्याला गलबलून यावं. फोटो सुरेख आला.

कळलं ना तुम्हाला? तरी सांगते, कारण सांगायलाच बसलेय. डोमकळ्या आणि सापळे मी लिहिलेच नाहीत. तो फोटो टाकला, खाली त्यांचं नाव, गाव आणि ही ओळ — 'बोंडअळीनं सारं हिरावलं, शेतकरी हतबल'. चुकून नाही. घाईतही नाही. चहा पीत दोन-तीन ओळी करून पाहिल्या आणि त्यातली ही निवडली. माझी कुठलीच बातमी त्याआधी इतकी वाचली गेली नव्हती. मी खुशीत होते.

तिसऱ्या दिवशी चाचांचा फोन आला. मलकापूरहून त्यांचा मेहुणा भेटायला धावत आला होता, गव्हाचं पोतं घेऊन, आणि घरात बायकांची रडारड. आधी ते हसतच सांगत होते. "मले काय झालं बेटी? माही तं दाढ दुखून राह्यली होती!" मग हसणं थांबलं. "ते बदलून टाक. नाहीतं खाली लिहून दे, दाढ दुखत होती म्हून. लोकं इचारून राह्यले."

मी म्हटलं, "चाचा, ते माझ्या हातात नसतं. मुंबईहून होतं."

दोन मिनिटांचं काम होतं. फोन कानाला होता तेव्हा ती बातमी समोर लॅपटॉपवर उघडीच होती आणि आकडा अजून चढत होता. "बरं बरं," चाचा म्हणाले, "मंग तुहा काय कसूर." मला लाज वाटली का? तेव्हा नाही. सुटले बाई, असं वाटलं.

लाज पुढच्या वर्षी वाटली. दुसऱ्या कामासाठी सुलतानपूरला गेले होते आणि हॉटेलात चहाला थांबले. तिथं चाचांचा विषय निघाला. आधी बियाणं घेण्यापासून फवारणीपर्यंत गाव त्यांना विचारून चालायचं. त्यांचं शेत नाल्यापलीकडे, लांब. ते फार थोड्यांनी पाहिलं होतं. फोटो सगळ्यांनी पाहिला होता. एक जण म्हणाला, "ज्याची सोताची पऱ्हाटी गेली, तो आमाले काय सांगन?" बाकीचे हसले. फोटो आला त्या हंगामात बऱ्याच जणांनी पऱ्हाट्या फेब्रुवारीपर्यंत उभ्या ठेवल्याचंही तिथंच कळलं. मी चहा अर्धा टाकून उठले. चाचांच्या घरी गेले नाही.

मग लग्न झालं, बी.एड. झालं, ही नोकरी लागली. पोर्टल सोडलं त्या दिवशी मी ती बातमी शेवटची उघडली. दुरुस्ती तेव्हाही करता आली असती. पण का केली म्हणून कुणी विचारलं तर काय सांगू? — बंद केली.

आणि आता खरं ते. एवढ्यावर संपलं असतं तर कदाचित मी लिहायला बसलेच नसते.

यंदा अकरावीच्या वर्गाला मी घरातल्या कुणाची तरी मुलाखत घेऊन बातमी लिहायला सांगितली. सना नावाची मुलगी आहे, पहिल्या बाकावर बसते, आजोळी राहून शिकते. तिनं तिच्या नानांवर लिहिलं. मिटलेली फुलं, सापळे, डिसेंबरात उपटायच्या पऱ्हाट्या — सगळं, आणि माझ्याहून कितीतरी नीट. शेवटी लिहिलं होतं, 'नानांचा फोटो एकदा मोबाइलवर आला होता, त्याखाली खोटं लिहिलं होतं. पण नाना म्हणतात, ते मुंबईवाल्यांनी केलं. ती पोरगी चांगली होती. माझं सगळं ऐकून घेतलं तिनं.'

मी ती बातमी वर्गाला वाचून दाखवली. शेवटच्या ओळी सोडून.

तास संपल्यावर सना टेबलापाशी आली. माझं लग्नाआधीचं नाव तिला माहीत असायचं काही कारण नाही. "मॅडम, तुमी बी तवा पत्रकार होत्या ना? मंग ती कोन होती, तुमाले माहीत असन. नाना मने, भेटली तं घरी घेऊन ये जेवाले."

माझ्या समोर उभी होती ती. वर्ग रिकामा होता, वेळ होता, कुणी ऐकणारं नव्हतं.

"नाही गं," मी म्हटलं. "नाही माहीत."

"बरं मॅडम," म्हणाली आणि दप्तर घेऊन गेली. मी वह्यांवर सह्या केल्या, घरी आले, पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी वर्गात हसले-बोललेही. अजून तसंच चाललंय.

लोणारची एसटी सुलतानपूरवरूनच जाते. सकाळी थांबते आणि संध्याकाळीही थांबते. मी उतरत नाही.