डोंगरसिंगच्या हातचा गिलास

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. त्या दिवशी बोरी अरब गावच्या कापसाच्या जिनिंगमधली आमची हमालांची टोळी कडुनिंबाखाली मटण शिजवायची आणि दारू प्यायची. दारू वाढायचा एकटा डोंगरसिंग.

तो माझ्यासोबत कापसाच्या गठाणी उचलायचा. घाई नाही. आधी पाय रोवायचे, मग श्वास, मग पाठ. वाढतानाही तसाच. पोटात भाकर गेल्याशिवाय गिलास नाही. गाडीची चावी हातात दिल्याशिवाय गिलास नाही. जीभ जड झाली की त्या माणसाला फक्त पाणी. ज्याला चालता येत नसे त्याला तो घरी पोचवायचा. स्वतः त्या दिवशी थेंब घेत नसे. बाया नवऱ्याला विचारायच्या, "वाढणार कोण हाय?" डोंगरसिंग म्हटलं की पुढं बोलायच्या नाहीत.

मग कापसाचे दिवस फिरले. जिनिंग थोडेच महिने चालू लागली आणि पावसाळ्यात टोळी लोकांच्या वावरात फवारणीला जाऊ लागली. त्या वर्षी अळी इतकी होती की करीच्या सकाळीही पंप पाठीवर होते.

आमच्यातला फुलचंद वावरातून थेट आला. नळावर हात धुऊन बसला. पंप गळका होता, पाठ सगळी भिजलेली.

"जेवला का?" डोंगरसिंगनं विचारलं.

"मळमळून राह्यलं, काका. नुसता गिलास द्या."

"तुह्या सासऱ्याचं दुकान हाय का हे? भाकर खाय आधी."

सगळे हसले. फुलचंदनं चतकोर भाकर कशीबशी गिळली, चावी दिली. डोंगरसिंगनं अर्धाच गिलास भरला.

थोड्या वेळानं फुलचंदच्या तोंडातून लाळ गळू लागली. उठायला गेला आणि पडला.

"अर्ध्यातच आडवा!" जिनिंगचा मेकॅनिक जमीर म्हणाला. "याले पुढच्या वर्षी ताकच द्या."

डोंगरसिंग हसला नाही. "अर्ध्या गिलासानं माणूस पडत नाही, जमीर."

"रिकाम्या पोटी घेतली ना, भाऊ. झोपू द्या त्याले."

डोंगरसिंगनं ते मानलं. पिलेल्या माणसाचं जे करायचं ते सगळं त्यानं नीट केलं. कुशीवर वळवलं, डोक्याखाली दुपट्टा दिला, लाळ पुसली, माश्या वारत बसला. चुकीच्या कामात एवढी मेहनत घेणारा मी दुसरा पाहिला नाही.

ऊन उतरताना फुलचंदची बायको इंदुताई त्याला शोधत आली. वाकली, शर्ट नाकाशी धरला आणि ओरडली, "दारू नाही हे, फवाऱ्याचं औषध हाय! आंग धुतल्याबिगर बसवलंच काहून याले?"

जमीरनं गाडी आणली. यवतमाळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत फुलचंद गेला होता.

वावरवाला म्हणाला, पिऊन मेला, माझ्या फवारणीचा काय संबंध? डोंगरसिंग त्याच्या दारात गेला. मी सोबत होतो.

"अर्धाच गिलास होता, मालक. म्याच वाढला. दारूनं नाही गेला तो."

"म्हणजे पाजली तूच ना?"

मी डोंगरसिंगला दंडाला धरून परत आणलं. तेरवी झाली आणि इंदुताई त्याच वावरात तण निंदायला गेली. दुसरीकडे काम नव्हतं.

पुढच्या करीला डोंगरसिंग पुन्हा कडुनिंबाखाली बसला. या वेळी पहिला सवाल नवा होता.

"फवारून आला का?"

जो आला तो फवारूनच आला होता.

"मंग घरी जाय. आंग धू, कपडे बदल, झोप. आज गिलास नाही."

"सालातून एकदा कर येते, काका!"

"नाही म्हटलं ना."

एकेक उठला आणि नाक्यावरच्या गुत्त्याकडे निघाला. तिथं भाकरीचं कोणी विचारत नाही. डोंगरसिंग धावत रस्त्यापर्यंत गेला. "चाव्या तरी ठेवून जा रे!" हात पुढं करून तो उभा होता. गाड्या त्याच्या बाजूनं निघून गेल्या.