पितळी पट्टीखालची चीर

ऑर्वोक्कीने आइमोला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिला त्याचे फक्त पाय दिसले होते. बाकीचा आइमो लाकडी डोणीत होता. आजोबा साह्ती, म्हणजे घरची बिअर, गाळून घरात गेले होते आणि हा एवढासा पोरगा डोणीत डोकं खुपसून तळाचा गोड रस चाटत होता. शेजारून दूध पोचवायला आलेल्या ऑर्वोक्कीने घोटे धरून त्याला बाहेर ओढलं. केसांत जुनिपरच्या झुडपाच्या काड्या, नाकाला मोडाच्या धान्याचा माल्ट.

"सांगू का आजोबांना?" तिने दरडावलं.

"सांग की. त्यांनीच चाट म्हणून सांगितलंय," तो डोळा न लववता म्हणाला.

ती त्याच्याहून मोठी होती. खोटं तिला कळलं. पण तिने कुणालाही सांगितलं नाही.

पुढे ती डोणी आइमोकडेच आली. अ‍ॅस्पेनच्या एका अखंड खोडातून आजोबांनी ती कोरली होती, आणि गावातल्या प्रत्येक लग्नाची, प्रत्येक मयताची साह्ती आइमोने तिच्यातूनच गाळावी असा जणू नियम झाला होता. आइमो मनाने चांगला, मदतीला धावणारा, पण डोणीचा विषय निघाला की त्याची मान ताठ होई. ऑर्वोक्कीचा नवरा मार्त्ती यानं डेअरीतलं जुनं स्टीलचं भांडं कापून स्वतःपुरती डोणी केली होती. आइमो कुंपणावरून ओरडायचा, "काय मार्त्ती, आज कुठली गाय पिळलीस?" मार्त्ती हसायचा.

त्या वसंतात मार्त्ती गेला. ऑर्वोक्की दारात येऊन म्हणाली, "आयुष्यभर तुझं ऐकून घेतलं रे त्याने. निदान त्याच्या मयताची साह्ती तरी मला तुझ्या डोणीतून गाळू दे." आइमोने डोणी स्वतः तिच्या अंगणात नेऊन दिली.

ऑगस्टमध्ये आइमोच्या बहिणीच्या, तुइरेच्या मुलीचं लग्न ठरलं. साह्ती अर्थातच मामाची. गाळायच्या दिवशी आइमोच्या अंगणात चूल पेटली, मोठ्या पिंपात माल्ट आणि राय नावाच्या धान्याचं दाट आंबोण सकाळपासून गरम होत होतं. तुइरे मदतीला होती. तिचे व्याही ओस्मो शहरातून मुद्दाम बघायला आले होते. पांढरा सदरा घालून, धुरापासून जपून उभे होते.

डोणीच्या तळाशी आइमोने जुनिपरच्या फांद्या अंथरल्या, त्यांवर रायचा पेंढा, आणि वर गरम आंबोण ओतायला सुरुवात केली. फांद्यांतून झिरपून टोकाच्या भोकातून रस यायचा. तो आला, तपकिरी आणि दाट. पण भोकाच्या वरूनही आला. लाकडाच्या तोंडावरून एक ओघळ निघाला आणि गवतात उतरला.

"अगोबाई," तुइरे म्हणाली. "सत्तरी आली की सगळ्यांचंच गळायला लागतं म्हणा."

आइमो हसला नाही. त्याने रायच्या पिठाचा गोळा चरबीत मळून चिरेवर दाबला. गरम रसाने तो विरघळून खाली आला. त्याने चिंधी पिळून सुरीच्या टोकाने आत ठासली. चीर उलट रुंदावली. आता पायाखालचं गवत चिकट झालं होतं आणि त्यावर गांधीलमाश्या जमत होत्या. पिंपात अजून निम्म्याहून जास्त आंबोण होतं. ते निवलं की आंबणार, आणि आंबलं की लग्नाला साह्ती नाही. एवढा माल्ट पुन्हा कुठून आणणार? शिवाय नवी साह्ती मुरायला वेळही उरला नव्हता.

"असं कसं झालं हो?" ओस्मोंनी विचारलं.

त्या साध्या प्रश्नाने आइमोचं डोकं फिरलं. "कसं म्हणजे? उसनी दिली होती ना वसंतात! ऑर्वोक्कीने चुलीपाशी नेऊन वाळवली असणार. लाकडाला काय लागतं ते तिला काय ठाऊक? घरात जन्मभर डेअरीचं भांडं."

तुइरे त्याच्याकडे पाहत नव्हती. ती त्याच्या मागे, फाटकाकडे पाहत होती.

फाटकात ऑर्वोक्की उभी होती. हातात वेलदोड्याच्या पावांचं ताट, वर स्वच्छ फडकं. तिने ताट कॉफीच्या टेबलावर ठेवलं, वाहत्या ओघळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मार्त्तीची आणते. तुइरे, चल गं, एकटीने उचलत नाही ती." बस्स, एवढंच.

दोघी गेल्या. ओस्मो कॉफी ओतून घेऊ लागले. आइमो चिंधी बदलायला डोणीच्या तोंडाशी वाकला, आणि मग तसाच वाकलेला राहिला.

चीर पितळी पट्टीखालून निघाली होती. पट्टीवर आजोबांचं नाव होतं. जूनमध्ये गावच्या जत्रेत जुन्या वस्तू मांडल्या होत्या. डोणी कुणाची ते लोकांना लांबूनही वाचता यावं म्हणून आइमोने ही पट्टी करून घेतली होती, आणि कोरड्या लाकडात आधी बारीक भोक न पाडता सरळ दोन जाड स्क्रू पिळले होते. मग डोणी दिवसभर उन्हात, लोकांच्या कौतुकात उभी. डाव्या स्क्रूपासून चीर सरळ भोकापर्यंत उतरली होती. लहान मुलालाही कळलं असतं.

आणि ऑर्वोक्कीने डोणी परत कशी केली होती, तेही त्याला आत्ताच आठवायचं होतं. घासून, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली होती. "तळ्यात बुडवून ठेवू का धक्क्याखाली, सुकून तडकायला नको?" असंही विचारलं होतं तिने.

चूल पुढ्यात होती, पण कानशिलं तापली ती चुलीने नव्हे. फाटकाबाहेर स्टीलचं भांडं आपटल्याचा आवाज आला. आइमोने खांद्यावरचा पंचा काढला आणि पट्टीवर टाकला. पट्टी झाकली, चीर झाकली. आपण हे करतो आहोत हे त्याला दिसत होतं, तरी हाताने ते केलं.

मार्त्तीची डोणी कुरूप होती, कडेला अजून डेअरीच्या नळीचं तोंड होतं. पण ती गळली नाही. तिघांनी मिळून फांद्या, पेंढा, आंबोण सगळं तिच्यात हलवलं. ऑर्वोक्की पळीने गरम पाणी फिरवत होती, आइमोला "जरा हळू" किंवा "आता ओत" एवढंच सांगत होती. रस भरभरून आला. पहिल्या पेल्याचा मान गाळणाऱ्याचा. आइमोने तो तोंडाला लावला. गोड होता. त्याने पेला तसाच खाली ठेवला.

आवरताना ऑर्वोक्की लाकडी डोणी धुवायला गेली. "राहू दे, मी बघतो," आइमो म्हणाला, पण तोवर तिने पंचा उचलला होता. ती पट्टीकडे पाहत राहिली, मग चिरेवरून अंगठा फिरवत स्क्रूपर्यंत नेला. आइमो हातात बादली घेऊन उभा होता. आता ती बोलेल, असं त्याला वाटलं. बोलावं, असंही वाटलं.

तिने पंचा झटकला आणि होता तसा, चारी कोपरे सारखे करून, पुन्हा पट्टीवर घातला.

त्यानंतर लग्नापर्यंत आइमो तिच्या घरावरून गेला नाही. दुकानाला जायला तळ्याकडून लांबचा रस्ता धरला.

लग्नात दोन कानांचं लाकडी भांडं हातोहात फिरलं. साह्ती उत्तम उतरली होती. आइमोने पहिला घोट घेऊन कसंबसं सांगितलं, "ही मार्त्तीच्या डोणीतली आहे." लोकांनी माना डोलावल्या. केवढं मोठं मन, अशाच त्या माना होत्या.

ओस्मो उठले. त्यांना वाटलं, आपण छान बोलतो आहोत. "ऑर्वोक्कीबाईंचेही आभार मानायला हवेत. त्यांच्या हातून डोणी फुटली, पण दुसरी देऊन त्यांनी भरपाई केली. फिटंफाट!"

ऑर्वोक्की बशीतला केकचा तुकडा चमच्याने बारीक करत राहिली. तिची मान वर आली नाही. ती अजूनही सांगणार नव्हती.

"तिच्या हातून काही फुटलं नाही," आइमो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की मागच्या टेबलांना ऐकू गेला नाही. मग तो उभा राहिला आणि पुन्हा बोलला. "डोणी मी फोडली. नावाची पट्टी मिरवायला स्क्रू मारले, तिथून उकलली. आळ तिच्यावर घेतला. कळल्यावरही झाकून ठेवलं. पंच्याने."

ओस्मोंचा चेहरा त्यांच्या सदऱ्यासारखा पांढरा झाला. नवरी मामाकडे बघत होती, आणि आइमोला कळेना की खाली बसायचं की नाही. भांडं त्याच्याच हातात होतं.

"ते पुढे दे आधी," ऑर्वोक्की म्हणाली. "आम्हाला तहान लागलीय इथे."

कुणीतरी हसलं. भांडं पुढे गेलं. आइमो बसला, पण त्या दिवशी त्याने पुन्हा मान वर केली नाही.

ऑर्वोक्कीने त्या गोष्टीचा विषय नंतर कधी काढला नाही. आइमोनेही काढला नाही. एकदा फाटकापर्यंत जाऊन तो परत आला, हे तिने खिडकीतून पाहिलं होतं.

आता गावची साह्ती ऑर्वोक्कीच्या अंगणात, मार्त्तीच्या डोणीतून गाळली जाते. आइमो पहाटे येऊन चूल पेटवतो, आणि शेवटी डोणी घासून धुतो.