आमच्या वस्तीत कोणालाच नव्हतं

हिंगण्याला आमच्या वस्तीत दिल्लीचे डॉक्टर आले होते तो दिवस... चाळीस वर्षं तरी झाली असतील. मी बारा-तेराची होते. शाळा चौथीतच सुटली माझी, तेव्हा लिहिण्यात चुका दिसल्या तर तशाच वाचा, मले शिकवू नका.

शाळा सुटली ती धाकट्या भावापायी. प्रकाशला सिकलसेल होता. रक्ताचा आजार, जन्माचा. थंडी पडली की हातपाय इतके दुखायचे की पोट्टा अंगाला हात लावू द्यायचा नाही. डोळे हळदीसारखे पिवळे.

बाबा कंपनीत शिफ्टला, आई प्रताप नगरात धुणीभांडी करायला. मग त्याला बसमध्ये घालून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात कोण नेणार? मी. त्या रांगेत बसून बसूनच मोठी झाले, खोटं नाही सांगत.

तर डॉक्टर आले होते मोजायला. हा आजार पुष्कळ जणांना आहे की एखाद्यालाच, ते सरकारला ठरवायचं होतं. पुष्कळांना निघाला तर वस्तीतच दवाखाना, दर आठवड्याला डॉक्टर, गोळ्या फुकट. एखाद्यालाच निघाला तर दुर्मिळ म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

आईने एवढंच धरलं... वस्तीत दवाखाना. त्या दिवशी कामावर खाडा केला आणि दारोदार फिरली बाई. चला, बोट टोचून घ्या, एक थेंब द्या.

कोणी निघेना. कोणाकडे आहे ते वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं... कोणाच्या पोराचे डोळे पिवळे, कोणाच्या सुनेला रक्त चढवावं लागतं. पण घरात आजार आहे असं एकदा बाहेर फुटलं की पोरीला स्थळ येत नाही. शेजारच्या शांताबाईच्या मोठीचं काटोलकडे जमलं होतं. तिने धाकट्या, आजारी पोरीला सकाळच्याच एसटीने मामाकडे धाडून दिलं.

आई तिच्या ओट्यासमोर उभी राहून ओरडली, "काहून वं शांते, पोरगी दुखण्यानं मरून राहिली अन् तू वाजंत्री ठरवून राहिली?"

"तुह्या घरात निघालं ते निघालं," शांताबाई म्हणाली, "माह्या दारात काहून आणतं?"

शेवटी गेले कोण, तर म्हातारे. ज्यांच्या घरी लग्नाचं कोणी उरलंच नव्हतं ते.

निंबाखाली टेबल मांडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी प्रकाशचं बोट टोचलं, काचेवर थेंब घेतला. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "इस बच्ची का भी देखना पडेगा. भाई को है ना."

मी बोट पुढे केलंच होतं. आईने माझा हात धरला आणि आपल्या पदराखाली घेतला. "तिले काही नाही. धडधाकट आहे. तिचं नका घेऊ."

बाईंनी पुन्हा समजावलं. आई म्हणाली, "नाही म्हटलं ना."

शांताबाई ओट्यावरून पाहातच होती. "काहून वं, आता काहून?"

माझी आई कोणाचं ऐकून घेणारी नव्हती. नळावर तिच्या तोंडाला लागायची कोणाची हिंमत नव्हती. पण त्या दिवशी तिने ऐकून घेतलं. मान खाली घालून मले आणि प्रकाशला घेऊन घरी आली. माझं मनगट तिने दारात येईपर्यंत सोडलं नाही.

दुपारी डॉक्टरांची जीप गेली. यहां तो बहुत कम है, असं त्यांच्यातला मोठा डॉक्टर म्हणाला म्हणे. दवाखाना आलाच नाही. आमची बस आणि ती रांग चालू राहिली. प्रकाशला मिसरूड फुटलं होतं, तेव्हा तो गेला.

पुढे माझं लग्न झालं. सासरच्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. त्यांच्याकडेही सांगण्यासारखं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्या पहिल्या पोराचे डोळे वर्षाच्या आत पिवळे झाले, तेव्हा आम्हा दोघांचं रक्त तपासलं. माझ्यात अर्धा आजार, नवऱ्यातही अर्धा. स्वतःला त्रास काही नाही, पण पोराच्या वाट्याला पूर्ण आला. पुन्हा तीच रांग... आता मांडीवर माझं पोरगं.

आईवर राग आहे का? आहे. ती बिचारी गेली, तरी आहे. पण तिच्या पदराखालचा तो हात माझाच होता, हेही कळतं.

हल्ली टीव्हीवर दुर्मिळ आजार, दुर्मिळ आजार चालू असतं. किती जणांना असला म्हणजे दुर्मिळ, यावर मोठी मोठी माणसं बसतात. बसा बाप्पा. पण मोजायला याल तेव्हा पोरींच्या लग्नाचं काय करायचं तेही सांगत जा, नाही तर दारं बंदच राहतील आणि तुमचा आकडा खोटा.

गेल्या महिन्यात माझ्या पोरीला पाहायला पाहुणे आले. पोह्यांच्या बशा हातात देतानाच मी सांगून टाकलं, हिच्यात अर्धं आहे, तुमच्या पोराचं तपासून घ्या, नसलं तर काही भीती नाही. जाऊबाईंनी मले चिमटा काढला. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, पाणी प्यायले आणि गेले. फोन आला नाही.

पोरगी माझ्याशी बोलेना. मीही काही समजावत बसले नाही, आता समजावायचा कंटाळा येतो. मग एका संध्याकाळी तिने चहा आणून समोर ठेवला. म्हणाली, "पुढचे येतीन त्याईलेही आधीच सांगजो, आई."

थकले आहे मी... पण तो चहा गोड लागला.